एक जानेवारी

वखार मिटली तेव्हा लिलावात
तराजू गेला, पत्रे गेले, जीप गेली.
हा डबा कुणी धरला नाही.
मालक म्हणाले, पोवार, तूच ने,
तुझ्याच बोटांची सवय आहे त्याला.
सायकलच्या कॅरिअरवर सुतळीनं आवळून
अक्कोळ रोडनं घरी आणला,
पडदा दुसऱ्या खेपेला.
पोळपाटाएवढा जीव,
देवाच्या फळीखाली मावला.

आतला सेल संपून सहा वर्षं झाली.
रोज बटण दाबलं की तो सांगायचा,
आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
आधी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं.
लाइट बिलं, पोराचा बायोडाटा,
आक्काच्या बाराव्याचं पत्र, भिशीचा हिशेब,
सगळं त्याच्या लेखी एकाच दिवशी घडलं.
फार धावपळीचा दिवस असणार तो.

पोरगा पुण्याहून म्हणतो, टाका की भंगारात.
मी म्हणतो, बघू.

शेवटी संकेश्वरचा इराण्णा आला, पाठीला सॅक,
अर्धं कानडी, अर्धं मराठी, बाकी स्क्रू-ड्रायव्हर.
झाकण काढलं आणि दोघंही शिंकलो.
पंख्याच्या पात्यांवर, फटीफटीत
तंबाखूची पिवळट भुकटी,
अकरा वर्षांनीही तितकीच कडक.
“काय री काका, ह्यो पण तंबाखू खातोय काय?”
ब्रशनं त्यानं ती वर्तमानपत्रावर झाडली.
मी पुडी बांधून ठेवली. का, ते विचारू नका.

रॅम चारची आठ झाली.
फिरती डिस्क निघाली, तिच्या जागी
न फिरणारी, बिस्किटाच्या पुड्याहून पातळ.
सेल जुन्या आठ आण्याएवढा, तीस रुपयांना.

आता तो हाक मारायच्या आत उठतो.
आवाज मात्र गेला.
पूर्वी घरघर ऐकून कळायचं, जागा आहे.
आता मधूनच पाठीवर तळवा ठेवून बघतो,
ऊब आहे ना.

मग एका दुपारी वखारीची जुनी हजेरी उघडली
आणि नावांच्या जागी नुसत्या किडामुंग्या.
तिथला फॉन्ट या नव्या संसारात आलाच नव्हता.
इराण्णा फोनवर म्हणाला,
आमच्या कानडीचं पण हेच होतंय काका.
अंक तेवढे शाबूत.
किती हजर, किती खाडे,
उशीर पाच मिनिटं, पाच रुपये वजा.
वजा मीच टाइप केलेले.
चव्वेचाळीस बायकांचे आकडे,
आणि एकीचंही नाव नाही.

तायव्वा आली, पेन्शनचा फॉर्म घेऊन.
म्हटलं, बस जरा. नऊ नंबर कोण गं?
“नंबर तुझे. मला काय ठाऊक?
मी बसायच्या रांगेनं सांगते.”
डोळे मिटून ती दारापासून सुरू झाली.
काशव्वा. तिच्या मांडीला लागून हौसा.
मग रेडेकरांच्या दोघी जावा.
मग मालन, ती खोकायची बघ.
मग खांब.
खांबापलीकडं मी.

खाडे आठवत, बाळंतपणं आठवत
आम्ही आकड्यांना माणसं लावत गेलो.
मध्येच ती म्हणाली,
“माझं किती कापलंस रे, त्या महिन्यात?”
मी पडदा तिच्याकडं वळवला.
तिला वाचता येत नाही.
तरी बराच वेळ बघत राहिली.
“चहा टाक म्हण तुझ्या बायकोला,” एवढंच बोलली.

मागच्या भिंतीला, फुटक्या कौलाच्या उजेडात
कोण बसायचं, तिथं दोघंही अडलो.
हिरवी काकणं आठवली,
बोद शिवताना दाभण लागून सुजलेलं बोट आठवलं,
कुठल्या गावची, तेही जवळजवळ.
नाव आलं नाही.

ती ओळ तशीच ठेवून सेव्ह केलं.
तारीख आजची पडली.